किमोत काउंट पडलेत, मग प्रोबायोटिक द्यायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मिसेसचं वय ४६, ब्रेस्ट कॅन्सर, डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइडची तिसरी सायकल होऊन ११ दिवस झालेत, छातीत पोर्ट (शिरेत औषध द्यायला कातडीखाली बसवतात ती नळी) बसवलेला आहे, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ६०० वर आलेत आणि दिवसातून तीन-चार वेळा पातळ होतंय. कुणीतरी सांगितलं की प्रोबायोटिक सुरू करा, इम्युनिटी लवकर परत येते, काउंट पटापट चढतात, म्हणून चार दिवसांपासून रोज एक कॅप्सूल चालू केलीय. हे बरोबर आहे का, आणि कुठला ब्रँड चांगला?

आधी उत्तर देऊन टाकते, कारण तुम्ही हे वाचाल तेव्हा कदाचित आजची कॅप्सूल द्यायची वेळ झालेली असेल. आज देऊ नका. काउंट वर येईपर्यंत बंद ठेवा आणि चार दिवस दिली होती हे तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना आजच फोन करून सांगा. घाबरायचं कारण नाही, चार कॅप्सूलनी बहुतेकांना काहीही होत नाही. ब्रँडचा प्रश्न मात्र सध्या बाजूलाच ठेवा.

मी गेली २२ वर्षं किमो देतेय आणि प्रोबायोटिकच्या विरोधात वगैरे अजिबात नाही, काही पेशंटना मी स्वतः लिहून देते. माझी तक्रार एवढीच की लोक ते नेमकं चुकीच्या आठवड्यात घेतात. काउंट चांगले असतात तेव्हा कुणाला त्याची आठवण येत नाही, आणि काउंट तळाला गेले की घरातल्या सगळ्यांना वाटायला लागतं की आपण काहीतरी केलं पाहिजे, नुसतं बसून कसं राहायचं, आणि तेव्हाच कुणीतरी ती कॅप्सूल घेऊन येतं. तुमचंही तेच झालंय, त्यात तुमची चूक नाही.

आता काउंटचं गणित बघा. निरोगी माणसाची बोन मॅरो रोज साधारण १०,००० कोटी न्यूट्रोफिल बनवते आणि रक्तात आलेला न्यूट्रोफिल एक दिवससुद्धा धड टिकत नाही, म्हणजे कारखाना थोडे दिवस बंद पडला की गोदाम रिकामं व्हायला वेळ लागत नाही. सायक्लोफॉस्फामाइड वेगानं वाढणाऱ्या पेशींना मारतं, मॅरोतल्या कोवळ्या पेशी त्यात सापडतात, आणि पुढचा माल तयार होऊन बाहेर पडायला दीडेक आठवडा जातो. तुमच्या मिसेसना जी औषधं चाललीत त्यात काउंटचा तळ साधारण १० ते १४ दिवसांनी येतो आणि २१ व्या दिवसापर्यंत बहुतेकांचे काउंट आपोआप वर येतात, सायकल तीन आठवड्यांची ठेवलेली असते ती म्हणूनच. म्हणजे ११ व्या दिवशी ६०० हा आकडा बघायला भीतीदायक असला तरी तो अगदी वेळापत्रकाप्रमाणे आलेला आहे. आता तुम्ही ७ व्या दिवशी कॅप्सूल सुरू केलीत, समजा १९ व्या दिवशी काउंट २,५०० आले, तर श्रेय कुणाला जाणार? कॅप्सूललाच. "आमच्याकडे दिली आणि आठवड्यात काउंट चढले" असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात, फक्त न देतासुद्धा ते चढलेच असते हे त्यांना माहीत नसतं.

आणि हीच औषधं आतड्याच्या अस्तरालाही सोडत नाहीत. ते अस्तर तीन ते पाच दिवसांत पूर्ण नवीन होत असतं, म्हणजे तिथंही पेशी भराभर वाढत असतात, त्यामुळे तिथंही तोच मार. पातळ होतंय त्याचं एक कारण हे. अस्तर झडलं की भिंत सच्छिद्र होते आणि आतले जंतू आत राहायचे ते रक्ताच्या बाजूला सरकायला लागतात, एरवी असे चुकार जंतू न्यूट्रोफिल तिथल्या तिथे खाऊन टाकतात पण ते तर ६०० वर आलेत. कुंपणाला भगदाड पडलंय आणि राखणदार रजेवर, अशा दिवसांत तुम्ही रोज हजार कोटी जिवंत जंतू, मग ते कितीही सभ्य असोत, त्याच वाटेनं आत पाठवताय. मला काळजी वाटते ती याची.

एक केस सांगते, म्हणजे मी एवढं का ताणतेय ते कळेल. ल्युकेमियाचा पेशंट, न्यूट्रोफिल १०० च्या खाली, सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत ठेवलेली नळी, होती. ताप आला, ब्लड कल्चर पाठवलं, नेहमीची अँटिबायोटिक सुरू केली, ताप उतरेना म्हणून व्हॅन्कोमायसिन जोडलं, तरी उतरेना. तिसऱ्या दिवशी मायक्रोबायोलॉजीतून फोन आला की बाटलीत ग्राम पॉझिटिव्ह रॉड्स, म्हणजे काडीसारखे जंतू, दिसतायत, बहुतेक त्वचेवरचेच असतील, कंटॅमिनेशन वाटतंय. ठीक आहे म्हटलं. मग दुसरी बाटली पॉझिटिव्ह आली, तीही तशीच, आणि ती लाइनमधून नाही तर हाताच्या शिरेतून घेतलेली होती. आता दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या बाटल्यांत एकच कंटॅमिनेशन सहसा येत नाही. दोन दिवसांनी नाव आलं लॅक्टोबॅसिलस, प्रोबायोटिकमध्ये घालतात तोच जंतू. मी वॉर्डात जाऊन पेशंटच्या भावाला विचारलं की बाहेरून काही देताय का, तर तो म्हणाला नाही हो, काहीच नाही. औषध नाही, पण आणखी काही पावडर, टॉनिक, सॅशे? मग त्यानं पिशवीतून पुड्यांचा डबा काढला. त्याच्या मते ते औषध नव्हतंच, पोटासाठी होतं. उशाशी टेबल होतं, त्याच टेबलावर तो रोज पुडी फोडून पाण्यात ढवळत होता आणि त्याच टेबलावर सिस्टर लाइन फ्लश करायचा ट्रे ठेवत होत्या. जंतू आतड्यातून गेला की लाइनमधून, हे मी आजही सांगू शकत नाही. अँपिसिलिन दिल्यावर ताप उतरला, लाइन काढावी लागली, पेशंट वाचला, पण पुढची सायकल लांबली आणि ल्युकेमियात ते परवडत नाही.

यात व्हॅन्कोमायसिनची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रोबायोटिकमधले बरेचसे लॅक्टोबॅसिलस, रॅम्नोसस, केसाय, प्लँटारम वगैरे, जन्मजातच व्हॅन्कोमायसिनला दाद देत नाहीत. त्यांनी ते कुठून शिकलेलं नाही, त्यांच्या भिंतीची घडणच तशी आहे. पेनिसिलिन गटाला मात्र ते सहसा ऐकतात. म्हणजे तापात डॉक्टरांना कळलं की पेशंट हे घेत होता तर औषध निवडणं सोपं जातं, नाही कळलं तर दोन-तीन दिवस अंधारात जातात. यीस्टचं प्रोबायोटिक मिळतं, सॅकरोमायसिस बुलार्डी, त्याचं तर आणखी वाईट. त्याची पावडर हवेत उडते, हातावर राहते, आणि लाइन असलेल्या पेशंटच्या रक्तात हेच यीस्ट सापडल्याच्या केसेस वाङ्मयात पुष्कळ आहेत, काही तर अशा की पेशंटला दिलंच नव्हतं, शेजारच्या बेडवर दिलं होतं. युरोपात त्याच्या माहितीपत्रकात आता स्पष्ट लिहिलेलं असतं की सेंट्रल लाइन असलेल्यांना, अत्यवस्थ असलेल्यांना आणि इम्युनिटी दबलेल्यांना देऊ नये. तुमच्या कॅप्सूलच्या मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय बघा, बुलार्डी असेल तर बंदच, आणि उरलेल्या कॅप्सूल मिसेस असतील त्या खोलीत उघडूही नका.

"पण हे तर चांगले जंतू ना?" हा प्रश्न येणारच. चांगला जंतू हा कुठं आहे त्यावर चांगला ठरतो. बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलमधला अभ्यास २०१९ साली नेचर मेडिसिनमध्ये आला होता, आयसीयूतल्या ज्या ५२२ पेशंटना लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी दिलं होतं त्यातल्या ६ जणांच्या रक्तात लॅक्टोबॅसिलस सापडला, न दिलेल्या २१,६५२ जणांत फक्त दोघांच्या. नुसतं नाव जुळवून थांबले नाहीत, रक्तातल्या जंतूचा आणि कॅप्सूलमधल्या जंतूचा पूर्ण जीनोम ताडून बघितला आणि तो कॅप्सूलमधूनच आला होता. टक्केवारी बघितली तर १ टक्क्याच्या आसपास, म्हणजे फार नाही, पण ज्या गोष्टीचा फायदाच सिद्ध नाही तिच्यासाठी १ टक्कासुद्धा मला जास्त वाटतो. आणि रक्तात न जातासुद्धा नुकसान होऊ शकतं. नेदरलँड्समधली प्रोपॅट्रिया नावाची ट्रायल, लॅन्सेटमध्ये २००८ ला आली, पेशंट कॅन्सरचे नव्हते, पॅन्क्रियाला जोरदार सूज असलेले होते. कल्पना अशी की प्रोबायोटिक दिलं तर इन्फेक्शन कमी होतील. इन्फेक्शन कमी झाली नाहीत, आणि प्रोबायोटिकच्या गटात १६ टक्के पेशंट गेले, दुसऱ्या गटात ६ टक्के. ९ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. किमोच्या पेशंटला हे जसंच्या तसं लागू होत नाही, मान्य, पण त्या दिवसापासून "फायदा नाही झाला तरी तोटा काय" हे वाक्य मी वापरायचं सोडलं.

आता दुसरी बाजू, कारण तुम्हाला ज्यानं सांगितलं त्यानं अगदी हवेतून काढलेलं नाही. अर्जेंटिनातल्या तुकुमानच्या संशोधकांनी उंदरांना सायक्लोफॉस्फामाइड देऊन नेमका हाच प्रश्न तपासलाय, म्हणजे तुमच्या मिसेसना जे औषध चाललंय तेच. २०१४ चं काम आहे, लॅक्टोबॅसिलस केसाय सीआरएल ४३१ आणि रॅम्नोसस सीआरएल १५०६ असे दोन स्ट्रेन (जंतूचे ठरावीक वाण) होते. ज्या उंदरांना ते दिले त्यांच्या मॅरोत मायलॉइड पेशींची, म्हणजे ज्यांतून न्यूट्रोफिल बनतात त्यांची, कोवळी फळी जास्त राहिली, न्यूट्रोफिल लवकर परत आले आणि कँडिडा या बुरशीचं इन्फेक्शन मुद्दाम दिलं तेव्हा त्यांनी ते जास्त चांगलं परतवलं. छान काम आहे, मी स्वतः वाचून खूश झाले होते. पण बारकाईनं वाचलं तर लक्षात येतं की स्ट्रेन आधी दिले, सायक्लोफॉस्फामाइड नंतर. म्हणजे काउंट शाबूत असताना, भिंत शाबूत असताना. आपल्याकडे लोक बरोबर उलटं करतात, आधी काउंट पाडून घेतात आणि मग कॅप्सूल शोधतात. शिवाय उंदराच्या छातीत पोर्ट नसतो.

आतडं आणि मॅरो यांचं नातं आहे हे मात्र खरं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग तोच. २०१० च्या एका अभ्यासात दाखवलं की आतड्यातल्या जंतूंच्या भिंतीचे तुकडे, पेप्टिडोग्लायकन म्हणतात त्याला, ते रक्तात झिरपतात, मॅरोपर्यंत पोचतात, आणि नॉड१ नावाच्या रिसेप्टरमधून न्यूट्रोफिलना जणू धार लावून ठेवतात, उंदरांचे जंतू अँटिबायोटिकनं मारले की ती धार जाते. पुढं २०१४ आणि २०१७ ला उंदरांवरच आणखी कामं आली, जंतू नसलेल्या उंदरांत मॅरोतलं उत्पादनच कमी निघालं, आणि दोन आठवडे जबर अँटिबायोटिक दिली की मॅरोतल्या मूळ पेशी कमी झाल्या. जिवंत जंतू रक्तात जायची यात गरजच नाही, त्यांचे मेलेले तुकडेसुद्धा मॅरोला निरोप देतात हे विशेष. म्हणूनच हल्ली मारलेल्या जंतूंच्या तयारीवर, ज्याला पोस्टबायोटिक म्हणतात, बरंच काम चाललंय आणि माझ्यासारख्यांना त्यात जास्त रस आहे, कारण मेलेला जंतू ब्लड कल्चरमध्ये वाढत नाही.

माणसांत सगळ्यात जवळचा पुरावा बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या पेशंटमधून आला, २०२० ला नेचरमध्ये. या पेशंटचे ब्लड काउंट रोजच्या रोज होतात आणि स्टूल सॅम्पलही सतत घेतलेले होते, ते दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितलं की आतड्यात कुठले जंतू असले की पांढऱ्या पेशी चढतात. नावं आली फीकॅलिबॅक्टेरियम, रुमिनोकॉकस, अकरमॅन्सिया. आता तुमच्या कॅप्सूलच्या खोक्यावर बघा यातलं एक तरी नाव आहे का. बहुधा नसेल. फीकॅलिबॅक्टेरियमला ऑक्सिजन अजिबात चालत नाही, त्याला खोक्यात भरून फळीवर ठेवणंच मुश्किल, म्हणून बाजारात जे मिळतात ते टिकाऊ आणि पैदास करायला सोपे जंतू. म्हणजे अभ्यास एका जंतूचा असतो आणि कॅप्सूल दुसऱ्याच जंतूची विकली जाते. त्याच वर्षी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये न्यूयॉर्क, डरहॅम, रेगेन्सबर्ग आणि सप्पोरो अशा चार सेंटरचा डेटा आला, १,३६२ ट्रान्सप्लांट पेशंट, ज्यांच्या आतड्यातली विविधता कमी झाली त्यांच्यात मृत्यू जास्त. विविधता हा शब्द महत्त्वाचा. एका जातीचे हजार कोटी टाकले की संख्या वाढेल, विविधता कशी वाढणार? आणि संख्येचंही बघा, आतड्यात अंदाजे ३८ लाख कोटी जंतू असतात, तुमच्या कॅप्सूलमध्ये हजार कोटी. जवळपास चार हजारात एक.

उलट एक धोका असा की पाहुणे घरच्यांना परत यायला उशीर करतात. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये २१ निरोगी माणसांना अँटिबायोटिक देऊन त्यांचे तीन गट केले, एकाला काहीच दिलं नाही, एकाला ११ स्ट्रेनचं प्रोबायोटिक, एकाला अँटिबायोटिकच्या आधी साठवून ठेवलेलं त्यांचंच स्टूल परत दिलं. २०१८ ला सेल या जर्नलमध्ये छापून आलं. स्वतःचं परत मिळालेले सगळ्यात लवकर सावरले, काहीच न घेतलेले त्यांच्या मागोमाग, आणि प्रोबायोटिकवाले सगळ्यात शेवटी, महिनोन् महिने मागं राहिले. छोटा अभ्यास आहे आणि माणसं निरोगी होती, पण तेव्हापासून अँटिबायोटिक झाल्यावर "आता प्रोबायोटिक घ्या" हे वाक्य माझ्या तोंडून सवयीनं निघायचं ते बंद झालं.

थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यूट्रोफिलसारख्या पेशी जंतू गिळतात हे शोधणारा मेचनिकॉफ, आणि आंबवलेल्या दुधातले जंतू खाऊन माणूस जास्त जगतो हे जगभर सांगत फिरणाराही मेचनिकॉफच. त्याला १९०८ चं नोबेल मिळालं ते एकट्याला नाही, पॉल एर्लिकबरोबर वाटून, आणि "किमोथेरपी" हा शब्द एर्लिकचा. म्हणजे तुमच्या प्रश्नातल्या तिन्ही गोष्टी, किमो, न्यूट्रोफिल आणि प्रोबायोटिक, त्या एका स्टेजवर शंभरपेक्षा जास्त वर्षांपूर्वी शेजारी शेजारी उभ्या होत्या, तरी त्यांचं आपसात कसं जमतं हे आपण अजून तपासतोच आहोत.

मग प्रोबायोटिकचा उपयोग कुठं आहे? डायरियात, आणि तोही ठरावीक ठिकाणी. फिनलंडमध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या १५० पेशंटना ५-एफयू नावाच्या औषधाच्या किमोबरोबर २४ आठवडे लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी दिलं होतं, २००७ ला छापून आलं, जोरदार डायरिया ३७ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आला. पोटाच्या खालच्या भागाला रेडिएशन घेणाऱ्यांसाठीही लॅक्टोबॅसिलस असलेलं प्रोबायोटिक डायरिया टाळायला देऊन बघावं असं आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये आहे. पण २०१८ च्या कॉक्रेन रिव्ह्यूनं १२ ट्रायल आणि १,५५४ पेशंट एकत्र बघितले आणि त्यांचं म्हणणं पडलं की पुरावा कच्चा आहे. या सगळ्यात मोजलं काय तर संडासाच्या फेऱ्या, काउंट कुणी मोजून चढवून दाखवले नाहीत. "डायरिया कमी होतो" यावरून "इम्युनिटी वाढते" इथपर्यंत उडी जाहिरातीत मारली जाते.

डायरियासुद्धा सगळा एक नसतो. आयरिनोटेकनचं उदाहरण घ्या, तुमच्याकडे ते औषध नाहीये पण समजायला बरं पडतं. लिव्हर त्या औषधाच्या विषारी भागाला एक साखरेसारखी शेपटी जोडून निकामी करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं, आणि तिथले काही जंतू बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाच्या एन्झाइमनं ती शेपटी तोडून खातात, की विष परत जागं, आणि ते थेट अस्तरावर. म्हणजे डायरिया घडवण्यात जंतूंचाच हात. आणि त्याच्या अगदी उलट, २०१३ ला सायन्स या जर्नलमध्ये आलं की सायक्लोफॉस्फामाइड दिल्यावर उंदरांच्या आतड्यातले काही जंतू लिम्फ नोडपर्यंत सरकतात आणि तिथे टी पेशींना चेतवतात, त्यामुळे औषधाचा ट्यूमरवरचा परिणाम वाढतो, जंतू मारले तर औषध कमी चालतं. एका औषधात जंतू विलन, दुसऱ्यात साथीदार. त्यामुळे "किमोत कुठलं प्रोबायोटिक चांगलं" या प्रश्नाला एक उत्तर असूच शकत नाही, कुठली किमो हे आधी विचारायला लागतं.

बरं, विरुद्ध बाजूचंही प्रामाणिकपणे सांगते. ट्रान्सप्लांटच्या ३० एक मुलांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम दिल्याचा अभ्यास २०१६ ला आला, काउंट शून्याच्या आसपास असताना, आणि एकाच्याही रक्तात तो जंतू सापडला नाही. म्हणजे दिलं की झालंच असं नाही. पण ती मुलं रोज डॉक्टरांच्या नजरेखाली होती, स्ट्रेन तपासलेला होता, कल्चर वेळेवर होत होती आणि काय शोधायचं ते लॅबला आधीच माहीत होतं. घरी बाटलीतून देणं वेगळं. बाजारातल्या बहुतेक तयाऱ्या फूड सप्लिमेंट म्हणून विकल्या जातात, औषधाइतकी तपासणी त्यांची होत नाही.

आता तुमच्याकडचं बघू. ११ व्या दिवशी, न्यूट्रोफिल ६०० असताना होणाऱ्या डायरियाला स्वतःहून काहीही देऊ नका, थांबवायची गोळीसुद्धा नाही, आधी फोन. कारण मधे अँटिबायोटिक झालं असेल तर क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसाइल नावाचा जंतू तपासावा लागतो, आणि पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला दुखत असेल, पोट फुगलं असेल तर ते न्यूट्रोपेनियातलं, म्हणजे न्यूट्रोफिल कमी असतानाचं, आतड्याचं इन्फेक्शन असू शकतं आणि त्यात तास मोजायचे असतात. ताप एकदा जरी ३८.३ अंश सेल्सिअस झाला, किंवा ३८ वर तासभर राहिला, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता का होईना, निघायचं. आणि निघायच्या आधी पॅरासिटामॉल देऊन ताप झाकायचा नाही. थर्मामीटर तोंडात किंवा काखेत, गुदद्वारातून ताप बघायचा नाही, एनिमा नाही, सपोझिटरी नाही, त्या भिंतीला सध्या ओरखडासुद्धा नकोय. पाणी आणि मीठ-साखर जाईल तेवढं द्या. काउंट खरंच वर आणायचे असतील तर त्यासाठी औषध आहे, जी-सीएसएफचं इंजेक्शन, १९९१ पासून वापरात आहे, तुमच्या डॉक्टरांना विचारा की पुढच्या सायकलला किमोनंतर ते द्यायचं का. ते मॅरोला थेट हाक मारतं.

खाण्याचं विचारलं नाहीये तुम्ही पण विचाराल. काउंट ५०० च्या आसपास किंवा खाली असताना मी जिवंत कल्चर टाकून आंबवलेलं काहीही थांबवायला सांगते, काही युनिट इतकी कडक नसतात, तुमच्याकडे जे सांगितलंय ते पाळा. बाकी ताजं शिजवलेलं सगळं चालतं, फळं-भाज्या पूर्ण बंद करायची जुनी पद्धत होती तिनं इन्फेक्शन कमी होतात असं दिसलेलं नाही. पातळ होतंय तोवर चोथा कमी ठेवा, पोट थाऱ्यावर आलं की डाळी, धान्य, भाज्या हळूहळू वाढवा, कारण आतड्यात जे जंतू उरलेत त्यांचं खाणं तेच आहे आणि फीकॅलिबॅक्टेरियमसारखे ते खाऊनच ब्युटिरेट बनवतात, ज्यावर मोठ्या आतड्याचं अस्तर जगतं. आणि गरज नसलेलं अँटिबायोटिक एक दिवससुद्धा जास्त नको, घरात उरलेल्या स्ट्रिपमधली गोळी तर नकोच. माझ्या अनुभवात आतडं वाचवण्यासाठी या दोन गोष्टींनी जेवढं होतं तेवढं कुठल्या खोक्यानं झालेलं मी बघितलेलं नाही.

आणि "इम्युनिटी परत आली का" हे न्यूट्रोफिलवरून ठरवू नका. न्यूट्रोफिल तीन आठवड्यांत येतात, पण इम्युनिटीच्या दुसऱ्या पेशींना, म्हणजे बी पेशी आणि सीडी४ टी पेशींना, सगळी किमो संपल्यावरही कित्येक महिने लागतात, मोठ्या वयात जास्तच, कारण टी पेशी घडवणारी थायमस ग्रंथी तोवर आक्रसलेली असते. काउंट नॉर्मल आले म्हणून लगेच गर्दीत जायला किंवा जिवंत लस घ्यायला ते सर्टिफिकेट नसतं.

प्रोबायोटिक द्यायचंच असेल तर मी कधी देते? न्यूट्रोफिल १,५०० च्या वर स्थिर असतील, तोंडात-पोटात फोड नसतील, पोर्टला इन्फेक्शन नसेल, हृदयाची झडप खराब नसेल, आणि डायरियाचं कारण शोधून झालं असेल तेव्हा. ज्या स्ट्रेनवर ट्रायल झाली तोच, नावापुढचे अक्षर-आकडे जुळवून. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या घराण्याची फोड करून नवी नावं दिलीत, त्यामुळे रॅम्नोससच्या खोक्यावर लॅक्टिकेसीबॅसिलस लिहिलेलं दिसेल, तो तोच आहे, घाबरू नका. आणि पुढच्या किमोच्या ५ व्या दिवशी बंद, हे मी प्रिस्क्रिप्शनवरच तारीख घालून लिहिते, कारण "काउंट पडले की थांबवा" म्हटलं तर कुणी थांबवत नाही.

चार कॅप्सूल गेल्यात त्याचं आता वेगळं काही करायचं नाही, पोट धुवायचं औषध वगैरे शोधू नका. फक्त खोक्याचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, मागच्या बाजूचा, जिथे स्ट्रेन लिहिलेत तो. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आलाच तर कॅज्युअल्टीत जो कोणी ड्यूटीवर असेल त्याला पहिल्या पाच मिनिटांत तो दाखवा आणि सांगा की हे अमुक तारखेपर्यंत चालू होतं, कल्चरच्या फॉर्मवर लिहा.